गंगाबाईंच्या गाण्यातली शिट्टी

आयरीनताई,

तुमच्या भाचीने, रूथने, फोनवर मला पहिलाच प्रश्न विचारला, "मावशीचं ते शेवटचं काम पुरं झालं होतं का? तिला हवं होतं तसंच झालंय ना?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं, मला इंग्रजी समजलं नाही. मग तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तुम्हालाच विचारते, कारण ती म्हणायची, दिग्रसमध्ये माझे कान प्रकाशजवळ असतात."

दुकानासमोर माझी माणसं लग्नासाठीचे स्पीकरचे बॉक्स गाडीत चढवत होती. मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर बोलतो. आवाज तुटत नव्हता. रूथचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

तुम्हाला जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. रूथ दिग्रसला यायची होती. कापसाच्या जिनिंगच्या ज्या शेडमध्ये तुम्ही ते काम केलं, तिथेच सगळ्या बायांना बोलावून ते एकदा वाजवायचं आणि मग ते बरोबर घेऊन जायचं, असं तिने ठरवलं होतं. तिकडे तुमच्या देशात मोठ्या दालनात तुमची चित्रं लागणार आणि चित्रांसमोर हा आवाज वाजणार. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर ते होतं तसं, तुमच्या नावावर, कायमचं राहिलं असतं. "नाही" म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. ते कारण माझ्याकडे तीन हंगामांपासून आहे. ते मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि आता तुमच्या माणसांना सांगायची वेळ आली तेव्हा मी आवाज तुटल्याचं निमित्त केलं.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, कुठल्या शहरात कुठली प्रदर्शनं झाली, हे इतरांनी लिहिलं आहे. मला त्यातलं धड काही माहीत नाही. मला माहीत आहे ते इतकंच की तुमचे वडील तुमच्या देशातल्या सस्कॅचवान नावाच्या प्रांतात धान्याच्या उंच लाकडी गोदामावर कामाला होते, लहानपणी तुम्ही त्या गोदामाच्या भिंतीला कान लावून आत गहू पडताना ऐकायच्या आणि घरी येऊन तो आवाज कागदावर काढायच्या. "सगळे लोक मले म्हनत, घर काढ, झाड काढ," तुम्ही सांगायच्या, "मी गव्हाचा आवाज काढो." पुढे तुमची चित्रं समोर ठेवून व्हायोलिनवाले वाजवायला लागले आणि लोक तुम्हाला चित्रकार म्हणावं की संगीतकार यावर भांडायला लागले. तुम्ही त्या भांडणातून उठून आमच्याकडे आलात. नागपूरला कुठल्याशा कार्यशाळेसाठी आला होतात, कापूस कुठे निघतो ते पाहायला एसटीत बसलात, आणि मग दर दिवाळीनंतर येऊन होळीपर्यंत राहायला लागलात.

पहिल्यांदा दुकानात आलात तेव्हा मी तुम्हाला सगळ्यात मोठा बॉक्स दाखवला. जयंतीच्या मिरवणुकीत हा वाजला की घरांच्या काचा थरथरतात, असं अभिमानाने सांगितलं. तुम्ही म्हणालात, मला लहान आवाज पकडणारा माइक हवा आहे. किती लहान, मी विचारलं. तुम्ही खिशातून एक सरकी काढून काउंटरवर टाकली. म्हणालात, "एवढा."

मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. माझे वडील भोंगा लावायचे, मी बॉक्स लावतो. आवाज म्हणजे दुसऱ्यापेक्षा मोठा, एवढंच आमच्या घरात कळत होतं. तुम्ही मला बाजारात बंद होणाऱ्या दुकानांसमोर उभं केलंत आणि प्रत्येक शटर कसं वेगळं पडतं ते ऐकायला लावलंत. किराण्याचं गडगडत, सोनाराचं दबकत, आणि माझं स्वतःचं मध्येच अडकून. "तू आवाज विकतोस," तुम्ही म्हणालात, "ऐकत नाहीस." मला राग आला. पण वडील गेले त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे येऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जमिनीवर नुसत्या बसून राहिलात. काही बोलला नाहीत. घरात इतकी माणसं बोलत होती, पण त्या दिवसातलं मला काही आठवत असेल तर तुमचं ते न बोलणं.

मराठी तुम्ही जिनिंगमधल्या बायांकडून शिकलात, त्यामुळे तुमच्या तोंडी अस्सल वऱ्हाडी बसली. मुंबईहून एक दालनवाले गृहस्थ तुमची चित्रं पाहायला आले. ते दारातूनच इंग्रजी फाडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "पयले चपला काहाडा बाप्पा, खाली कागद हाय." त्यांचा चेहरा अजून आठवतो. जिनिंगमधली शांता तर हसून हसून रुईच्या ढिगात पडली.

तुमची काम करायची रीत बायांना ठाऊक झाली होती. शेडच्या कडेला लांबच लांब कागद अंथरायचा. हातात कोळसा. खाली मशीनच्या पट्ट्याची धपधप, जाड, काळी. मध्ये सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर, मग माणसांची बोलणी. आणि सगळ्यात वर, कागदाच्या काठाला लागून, केसासारख्या बारीक रेघा. त्या बांगड्या, आढ्यावरच्या चिमण्या, कुठेतरी करकरणारं बेअरिंग. आवाज जितका बारीक तितका वर. आधी ऐकत ऐकत काढायचं, मग तेच माइकने धरायचं, आणि मग दोन्ही जुळवत महिनोन्महिने बसायचं. मी माइक लावायचो, हेडफोन कानाला लावून ऐकायचो आणि सांगायचो.

काय सांगायचो? तिथेच आपलं भांडण होतं.

"छान," मी म्हणायचो.

"छान म्हंजे काय?"

"म्हणजे चांगलं."

"चहाले छान म्हन, परकास. कामाले नको म्हनू. कामात काय खराब हाय ते सांग."

मी तुम्हाला समजावलं होतं की आमच्याकडे पाहुण्याच्या तोंडावर वाईट बोलत नाहीत. पंगतीत भाजी खारट झाली तरी पाहुणा छान म्हणतो, आणि पाहुण्याने गाणं बेसूर म्हटलं तरी यजमान छान म्हणतो. त्यात खोटेपणा नाही, ती एक रीत आहे.

"मी पाहुनी नाही," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही किती वर्षं आलात तरी पाहुण्याच."

मी ते मानाने म्हटलं होतं. तुम्ही हातातला कोळसा खाली ठेवलात आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाहीत. तुम्हाला ते लागलं हे मला कळलं, पण यात लागण्यासारखं काय ते कळलं नाही. ते भांडण आपण पुढे कधी मिटवलं नाही.

त्यानंतरच्या हंगामात गंगाबाईंचं गाणं झालं.

जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होती. कापसातून पाला आणि किडकी बोंडं वेचणाऱ्या बाया डबे पुसून ढिगाला टेकल्या होत्या. त्यांच्यात सगळ्यात वयाने मोठ्या गंगाबाई. तुम्ही किती दिवस त्यांच्या मागे होतात. त्या म्हणायच्या, मशीन बंद असली की मले लाज वाटते, चालू असली की तुमाले आईकू येत नाही. त्या दिवशी मात्र कोणी न सांगता त्यांनी सुरू केलं. सासरी निघालेल्या बहिणीला वाटेत पाणी पाजायचं राहून गेलं, असं काहीसं गाणं. त्यांच्या आईचं. मी धावत जाऊन रेकॉर्डर सुरू केला. तुमचा अॅडाप्टर आदल्याच दिवशी विजेच्या झटक्याने गेला होता, म्हणून दुकानातला एक लावला होता. साधा, कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला.

गाणं संपलं. तुम्ही हेडफोन लावलात, डोळे मिटलेत आणि पहिल्यापासून ऐकलंत. तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तुम्ही ते पुसत नव्हता. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिलात.

गंगाबाईंनी श्वास घेण्याआधीच मला ती ऐकू आली. शिट्टी. डासासारखी, पण डासापेक्षा बारीक आणि सरळ, तारेसारखी ताणलेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्याच्या डोक्यावर. अॅडाप्टरची होती, मला लगेच कळलं. मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय, आता विचाराल, ऐकलंस का काय लावून ठेवलंस ते. पण तुमच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तुम्ही वाट पाहत होतात. आणि मला उमगलं की तुम्हाला ती ऐकूच आलेली नाही.

"कसं झालं?"

"छान," मी म्हणालो.

त्या एका वेळी तुम्ही त्या शब्दावरून भांडला नाहीत.

संध्याकाळी मी तो अॅडाप्टर बदलला. "हा गरम होतो," असं सांगितलं. पुढच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी नाही. फक्त त्या एका गाण्यात आहे आणि नेमकं तेच गाणं तुम्ही सगळ्या कामाचा कणा केलंत. त्याच्या अवतीभवती तीन हंगाम तुम्ही बाकीचं रचत गेलात. दर वेळी हेडफोन माझ्या हातात यायचा, दर वेळी ती माझ्या कानात शिरायची. आणि दर वेळी सांगणं आदल्या वेळेपेक्षा अवघड होऊन बसायचं, कारण आता फक्त शिट्टी सांगून भागणार नव्हतं, आजवर का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. मी स्वतःची समजूत घालायचो की तसं गाणं पुन्हा थोडंच होणार होतं. आणि ज्या बाईचं सगळं आयुष्य कानांवर उभं आहे तिला, तुमचे कान चालले, हे तोंडावर कोण सांगणार? मी तुम्हाला जपतो आहे, असं मला वाटायचं.

तुमच्या चित्रांत ते दिसत होतं. नवीन कागदांचा वरचा भाग रिता व्हायला लागला होता. खालचा काळा तसाच, मधली गर्दी तशीच, पण वरच्या केसासारख्या रेघा आधी विरळ झाल्या, मग तुटक, मग नाहीतच. मुंबईचे ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी चपला बाहेर काढून. कागदासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, वरचं हे मौन फार थोर आहे. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"तुले काय वाटते?"

"त्यांना जास्त कळतं," मी म्हणालो.

तुमची नजर माझ्यावरून हटली नाही. ते गृहस्थ बोलत होते आणि तुम्ही माझ्याकडेच पाहत होता. मी वायर गुंडाळायला लागलो.

आणि एकदा तर तुम्ही सरळ विचारलंत. पुढच्याच हंगामातली गोष्ट, सकाळची वेळ, मशीन सुरू व्हायची होती. कोपऱ्यात गंगाबाई कापूस उपसता उपसता आपल्याशीच गुणगुणत होत्या. तुम्ही आढ्याकडे पाहत होता.

"परकास, चिमन्या कमी झाल्या काय रे इथल्या?"

आढ्यावर चिमण्यांनी नुसता गोंधळ घातला होता. दोन तर भांडत भांडत पत्र्यावर आपटत होत्या. मी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.

"हो," मी म्हणालो, "कमी झाल्या."

"वाटलंच मले," तुम्ही म्हणालात आणि खाली बसून कागद सारखा केलात.

त्या वाक्याचं मी काय करू, आयरीनताई? शिट्टीच्या वेळी मी निदान घाबरलो होतो. चिमण्यांच्या वेळी घाबरलोही नव्हतो, इतकी सवय झाली होती. तुम्ही दार उघडून उभ्या होतात आणि मी ते बाहेरून ओढून घेतलं. कधी वाटतं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला खरं बोलायची संधी देत होतात. कधी वाटतं, ठाऊक नव्हतं आणि तुम्हाला खरंच चिमण्यांची काळजी होती. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात तुमच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. डॉक्टर हृदयाबद्दल बोलत होते आणि तुम्हाला काम आठवत होतं. "गंगाबाईचं," तुम्ही म्हणालात, "बराबर हाय ना?" मी मान डोलावली. नुसती मान. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्हाला इथेच अग्नी द्यायचा हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी जिनिंगची सगळी पाळी आली. शांता म्हणाली, "बाईच्या घरचं इथं कोन हाय? आमीच." काम थांबलं तरी जिनिंगच्या शेठनीही काही म्हटलं नाही. अंगावर रुई तशीच घेऊन त्या आल्या होत्या.

आणि मग रूथचा तो फोन.

फोन ठेवल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तुमचं काम दुकानातल्या मशीनवर चढवलं. म्हटलं, शिट्टीच काढून टाकू. काम सोपं होतं, रोजचंच. वरचा सूर कापायचा, ट्रेबल खाली आणायचा. आणला. शिट्टी गेली. रूथला सांगायला मी मोकळा झालो, असं क्षणभर वाटलं.

मग मी पहिल्यापासून ऐकलं. शिट्टीबरोबर बांगड्याही गेल्या होत्या. चिमण्या गेल्या होत्या. गंगाबाईंच्या गाण्यातले स आणि च बोथट झाले होते, जणू त्या रजई पांघरून गात होत्या. मी चिडून ट्रेबल पुन्हा वर न्यायला हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला.

तुम्ही हे ऐकत होता.

तीन हंगाम तुमच्या कानात हे असं पडत होतं. मी हेडफोन घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकलं. आणि ज्या गोष्टी मला कधी समजल्या नव्हत्या त्या समजत गेल्या. पट्ट्याची धपधप तुम्ही गाण्याच्या इतक्या जवळ का आणली, ते समजलं. मध्येच एका ठिकाणी सगळं थांबून नुसती रेच्यांची घरघर का उरते, ते समजलं. मला तिथे नेहमी पोकळ वाटायचं. वर बांगड्या चालू असताना खाली काही नाही, असं वाटायचं. आता वर काही नव्हतं आणि ती घरघर भरून आली होती, आजी नातवंडाला थोपटते तशी. काम पुरं होतं, आयरीनताई. तुमच्या कानांपुरतं ते कुठेही उणं नव्हतं. त्या दुपारी मी तुमच्यासाठी पहिल्यांदा नीट रडलो. आणि रडता रडता मला हेही कळत होतं की माझी सुटका झालेली नाही.

मी दोन पेनड्राइव्ह केले. एकात तुम्ही ऐकलेलं, एकात आम्ही ऐकलेलं. मग रूथला फोन केला आणि सांगितलं की तुमच्या मावशीला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. मूळ गाण्यात एक शिट्टी राहून गेली आहे, ती त्यांच्या कानापर्यंत पोचली नाही. म्हणून दोन प्रती केल्या आहेत.

तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तिने कोणालाच सांगितलं नाही." आणि मग, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"आता आता," मी म्हणालो. "मशीनवर चढवून ऐकलं तेव्हा."

"आभारी आहे. हे सांगणं तुम्हाला जड गेलं असेल."

मी ते आभार घेतले. तुमची झाकली मूठ मी उघडली आणि माझी झाकून ठेवली. जे तुम्ही जन्मभराच्या माणसांनाही सांगितलं नव्हतं ते मी फोनवर बोलून मोकळा झालो, आणि वर भल्या माणसासारखे आभारही घेतले. रूथ येईपर्यंतच्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हटलं, उन्हाचं.

रूथ शेडवर आली तो रविवार होता. जिनिंग बंद. ते दोन्ही पेनड्राइव्ह आता रूथबरोबर तुमच्या देशात पोचले असतील, पण त्या सकाळी ते माझ्या खिशात होते आणि मी सारखा खिसा चाचपत होतो. बाया धुतलेली लुगडी-साड्या नेसून आल्या. रूथला पाहून शांता म्हणाली, "नाक पाहाय वं, बाईचंच हाय." गंगाबाईंना त्यांच्या मुलाने राजूरहून आणलं होतं. तो तिथे कोळशाच्या खाणीत आहे, गेल्या पावसाळ्यापासून त्या त्याच्याकडेच असतात. त्यांच्या गळ्याचं दुखणं झालं तेव्हापासून त्यांचा आवाज गेला आहे. बोलतात ते खरखरीत, कागद चुरगळल्यासारखं. तुम्हाला हे कळलं होतं, तुम्ही त्यांना भेटायला जायचं म्हणत होता.

मी आधी तुमच्या कानांची प्रत लावली. सुरुवातीला बाया आपापले आवाज ओळखून एकमेकींना कोपरं मारत होत्या. मग गाणं आलं आणि गंगाबाईंनी भुवया वर केल्या.

"माह्या तोंडात कापूस कोंबला काय रे, परकास?"

सगळ्या हसल्या. रूथने माझ्याकडे पाहिलं, मी तिला सांगितलं, तीही हसली. मग मी बायांना सांगितलं की हे मुद्दाम असं आहे. बाईंना शेवटी शेवटी असंच ऐकू येत होतं. हसणं थांबलं.

"तरीच," शांता हळूच म्हणाली, "मी मांगून हाका मारो तं पाहेच नाही. मी म्हनो, बाईले लय गर्व आला आता." आणि पदर तोंडाला लावला.

मग दुसरी प्रत. तुम्ही कधी न ऐकलेलं तुमचं काम. गंगाबाईंचा आवाज शेडमध्ये असा उठला की त्यांचा मुलगा बसल्या जागी ताठ झाला. गंगाबाईंचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यावर गेला. त्या ऐकत होत्या, ओठ हलत होते. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो आणि तरी मला त्याच दिसत होत्या. मग त्यांचे ओठ थांबले.

"हे शिट्टी कोन मारून राह्यलं मधात?"

बाया वर पत्र्याकडे पाहायला लागल्या. कोणी म्हणालं, मशीन असेल. शांता म्हणाली, "मशीन तं बंद होती ना जेवनाच्या टायमाले."

मी आवाज बंद केला. बोललो तेव्हा माझा आवाज मला फार मोठा वाटला.

"माझी आहे, मावशी."

"तुई? तू गान्यात शिट्टी मारे?"

"मी जो अॅडाप्टर लावला होता, त्याची. तो खराब होता."

"तुले तवा आईकू आलं नाही?"

"आलं होतं. त्याच दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, खरंच कळत नव्हतं त्यांना.

"मंग बाईले सांगतलं काहून नाही?"

रूथ एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. तिने मला विचारलं, त्या काय म्हणतायत? त्या शेडमध्ये इंग्रजी येणारा मी एकटाच होतो. मी काहीही सांगू शकलो असतो. त्यांना गाणं आवडलं, असं सांगितलं असतं तरी तिथे कोणाला कळलं नसतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारही झालं होतं.

मी गंगाबाईंचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. मग त्याआधीचं सगळं सांगितलं. अॅडाप्टर, हेडफोन, चिमण्या, दवाखान्यातली मान. आणि फोनवर "आता आता" म्हणालो ते खोटं होतं, हेही. माझं इंग्रजी मोडकं आहे, मध्ये मध्ये शब्द सापडत नव्हते, आणि ती मला शब्द पुरवत नव्हती. 

शेवटी ती म्हणाली, "ती तुमच्यावर ओरडली असती."

"हो."

"फार ओरडली असती."

"हो."

तिने गंगाबाईंकडे पाहिलं, त्यांचा हात अजून गळ्यावर होता. "आणि दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली, "यांना पुन्हा गायला बसवलं असतं."

"काय म्हन्ते पोरगी?" गंगाबाईंनी विचारलं.

तेही मलाच सांगायचं होतं. मी सांगितलं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, उद्या पुन्हा गा.

गंगाबाईंना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. "गायली असती ना मी," त्या म्हणाल्या, "कायले नसती गायली?"

एवढं बोलायला त्यांना दोनदा खाकरावं लागलं.